प्रतिऑक्सिडीकारके : डबीतली आणि ताटातली

औंधचे नाव महाराष्ट्रात ज्या कारणांनी परिचित आहे, त्यांत यमाईचे देवस्थान, श्रीभवानी संग्रहालय आणि सूर्यनमस्कार ही तीन प्रमुख होत. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या लहानशा संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, स्वतः ते नित्यनेमाने घातले आणि त्यांवर ग्रंथलेखनही केले. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. त्यांच्या या आरोग्यकार्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्यासाठी कोणालाही काही विकत घ्यावे लागत नव्हते. अंग मावेल एवढी जागा आणि पहाटेची थोडी शिस्त एवढेच त्याचे भांडवल होते.

औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. संस्थानातील आटपाडी आणि कुंडल ही ठाणी सांगली जिल्ह्यात आहेत. १९४८ साली हे संस्थान तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. तेव्हा सर्वस्वी कोरडवाहू असलेल्या या पट्ट्यात पुढे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. शेजारच्या तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद तर देशभर जाते. ही पिके आणि औंधचा व्यायाम यांना जोडणारा एक शब्द अलीकडे जाहिरातींतून वारंवार ऐकू येतो. तो म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’. मराठी विज्ञान-परिभाषेत या द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात.

शहरांतील औषधांच्या दुकानांत, तालुक्याच्या आठवडेबाजारात आणि घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या पिशवीतही आता या द्रव्यांच्या गोळ्या, भुकट्या आणि अर्क आढळतात. वार्धक्य दूर ठेवणे, कर्करोगापासून संरक्षण, हृदयाची बळकटी, मधुमेहावर ताबा असे अनेक गुण त्यांना चिकटविले जातात. महिन्याच्या मिळकतीतील लक्षात येण्याजोगी रक्कम या डब्यांवर खर्च करणारी कुटुंबे ग्रामीण भागातही आहेत. गावात सल्ला विचारला जातो तो प्रायः शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा पंचायतीच्या सदस्याला. या विषयाची शास्त्रीय बाजू त्यांना ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गंज, खवटपणा आणि शरीर

लोखंड उघड्यावर राहिले की गंजते. चिरलेले वांगे थोड्याच वेळात काळे पडते. जुने तेल खवट होते. या तिन्ही घटनांच्या मुळाशी एकच क्रिया आहे. हवेतील ऑक्सिजन पदार्थाशी संयोग पावतो आणि पदार्थाचे मूळ रूप बदलते. या क्रियेस ऑक्सिडीभवन म्हणतात. चिरलेल्या फळावर लिंबू पिळले असता ते लवकर काळे पडत नाही, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. लिंबातील आंबटपणा आणि क जीवनसत्त्व ही क्रिया मंदावतात. स्वयंपाकघरात घडणारा हा प्रतिऑक्सिडीकरणाचाच प्रयोग होय.

मानवी शरीरातही ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्नाचे ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते. या व्यवहारात काही अस्थिर, अपुरे रेणू उत्पन्न होतात. त्यांना मुक्त मूलके असे नाव आहे. आपली उणीव भरून काढण्यासाठी ती शेजारच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पेशींच्या आवरणास, प्रथिनांस, प्रसंगी आनुवंशिक द्रव्यासही इजा पोहोचवितात. तंबाखूचा धूर, चुलीचा धूर, काही विषारी द्रव्ये आणि किरणोत्सर्ग यांमुळे त्यांचे प्रमाण वाढते. डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली असा सिद्धांत मांडला की, वार्धक्य हे या मूलकांनी केलेल्या इजांच्या संचयाचे फळ आहे.

तथापि शरीर या बाबतीत निराधार नाही. १९६९ साली अमेरिकेतील मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या संशोधकांनी दाखवून दिले की, एका उपद्रवी मूलकाचा बंदोबस्त करणारे विकर पेशींतच असते. अशी आणखी विकरे आणि ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते. त्यांच्या जोडीला अन्नातून क आणि ई जीवनसत्त्वे, गाजर, आंबा व पालेभाज्यांतील कॅरोटीन आणि वनस्पतींतील पॉलिफिनॉल नावाची असंख्य द्रव्ये मिळतात. जस्त, तांबे, मँगॅनीज आणि सेलेनियम ही खनिजे वर सांगितलेल्या विकरांचे घटक म्हणून अल्प प्रमाणात लागतात.

आशेचा काळ

या द्रव्यांविषयी मोठी अपेक्षा बाळगली गेली, त्यास सबळ कारणे होती. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने स्कर्व्हीने पीडलेल्या १२ खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांपैकी संत्री व लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. या फळांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व. ते वेगळे करून ओळखण्याच्या कार्यात अग्रेसर असलेले हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७० साली लायनस पॉलिंग या विख्यात रसायनशास्त्रज्ञाने सर्दीवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेण्याचा पुरस्कार केला आणि या गोळ्या जगभर घरोघरी गेल्या.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात येत होती. भाजीपाला आणि फळे पुष्कळ खाणाऱ्या लोकांत हृदयविकार आणि काही प्रकारचे कर्करोग कमी आढळतात. भाजीत कॅरोटीन असते. मग त्या कॅरोटीनचीच गोळी दिली तर रोग टळेल, असे अनुमान निघाले. अनुमान तर्काला धरून होते. पण ते खरे की खोटे हे ठरविण्याचा मार्ग एकच होता. हजारो लोकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडावयाचे, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण द्रव्यविरहित गोळी द्यावयाची आणि काही वर्षांनी हिशेब मांडावयाचा.

कसोटीचा निकाल

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर असा प्रयोग झाला. १९९४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक भरले. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा १८,३१४ जणांना बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व देऊन पाहण्यात आले. तेथेही फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक दिसून आला आणि प्रयोग नियोजित मुदतीपूर्वी, जानेवारी १९९६ मध्ये, थांबवावा लागला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या प्रयोगात २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांनी सुमारे १२ वर्षे सहभाग घेतला होता. त्यांतील बहुसंख्य धूम्रपान न करणारे होते. त्यांना कॅरोटीनच्या गोळीपासून ना लाभ झाला ना हानी.

पुढे ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची पाळी आली. ३५,५३३ पुरुषांवरील प्रयोग कोणताही लाभ न दिसल्याने २००८ साली थांबविण्यात आला. २०११ साली फेरहिशेब झाला तेव्हा ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१२ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा ७८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत एकूण २,९६,७०७ व्यक्तींचा समावेश होता. या पूरकांमुळे आयुष्य वाढते असा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांनी मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असावे, असे दिसून आले. हृदयविकार वा कर्करोग टाळण्यासाठी ही दोन पूरके घेऊ नयेत, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिगटाने २०२२ साली केली आहे.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चीनमधील लिन्शियान या भागात लोकांचा आहार फार निकृष्ट होता. तेथील सुमारे ३०,००० लोकांवरील प्रयोगात बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिले असता एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ साली जाहीर झाले. डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानानुसार झीज होणाऱ्या रुग्णांमध्ये विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्त यांच्या मिश्रणाने, रोग बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला, असे २००१ साली आढळले. या सर्व प्रयोगांतून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. जेथे उणीव आहे, किंवा ज्या विशिष्ट विकारात उपयोग सिद्ध झाला आहे, तेथे पूरक कामास येते. धडधाकट आणि पोटभर खाणाऱ्या माणसास त्याचा लाभ दिसत नाही आणि मात्रा मोठी असल्यास अपाय संभवतो.

असे का व्हावे?

भाजीत गुणकारी ठरणारे द्रव्य गोळीत निष्फळ का व्हावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची काही कारणे आता समजली आहेत.

पहिले कारण असे की, भाजी वा फळ म्हणजे एकच द्रव्य नव्हे. त्यात तंतू, खनिजे, पाणी आणि अनेक प्रकारची रंगद्रव्ये अल्प प्रमाणात एकत्र असतात. त्यांतील एकच उचलून अनेक पटींनी दिले तर मूळचा समतोल राहत नाही. शिवाय जो भाजी-फळे अधिक खातो, तो बहुधा तळलेले व गोड कमी खातो आणि इतर सवयींतही संयमी असतो. त्याच्या आरोग्याचे सर्व श्रेय एका द्रव्यास देणे योग्य नव्हते.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. मुक्त मूलके सर्वस्वी शत्रू नाहीत. रोगजंतूंचा नाश करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा शस्त्राप्रमाणे उपयोग करतात. स्नायूंनी श्रम केले की ती वाढतात आणि ही वाढ हाच शरीराला ‘स्वतःचे संरक्षण बळकट कर’ असा संदेश ठरतो. २००९ साली जर्मनीत सुमारे ४० तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेण्यात आला. त्यांतील निम्म्यांना रोज क जीवनसत्त्व १,००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० एकके देण्यात आली. व्यायामामुळे शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते. मधुमेह टाळण्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा लाभ आहे. गोळ्या न घेणाऱ्यांत तो दिसला, घेणाऱ्यांत दिसला नाही. हा प्रयोग लहान होता आणि नंतरच्या सर्व प्रयोगांचे निष्कर्ष अगदी एकसारखे नाहीत. तरीही सूर्यनमस्कार घालून त्यावर गोळी घेतल्याने लाभ दुप्पट होतो, या समजुतीस त्यातून निश्चितच बाधा येते. नियमित व्यायाम हा स्वतःच शरीरातील प्रतिऑक्सिडीकारक विकरे वाढविणारा उपाय आहे.

डाळिंब, हळद, बेदाणा

आटपाडी परिसरातील डाळिंबाला या चर्चेत विशेष स्थान आहे. डाळिंबाच्या रसात प्युनिकॅलॅजिनसारखी पॉलिफिनॉल द्रव्ये विपुल असतात आणि परीक्षानळीत त्यांची प्रतिऑक्सिडीकारक शक्ती मोठी भरते. परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. ही द्रव्ये आतड्यांत जशीच्या तशी फारशी शोषली जात नाहीत. तेथील जीवाणू त्यांचे रूपांतर करतात आणि ते प्रत्येक व्यक्तीत सारखे नसते. अन्नपदार्थांची प्रतिऑक्सिडीकारक शक्ती अंकांत दाखविणारे कोष्टक अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१२ साली मागे घेतले. त्या अंकांचा मानवी आरोग्याशी थेट संबंध सिद्ध होत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा दुरुपयोग होत होता, हे त्याचे कारण होते.

याच देशातील डाळिंबरसाच्या एका मोठ्या उत्पादक कंपनीने आपला रस हृदयविकार आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांवर उपयुक्त असल्याचे जाहिरातींतून सुचविले होते. तेथील व्यापार आयोगाने २०१३ साली या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरविल्या आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. आपल्याकडे डाळिंबाचा रस, दाणे वा सालीची भुकटी यांवर प्रक्रिया करणारे शेतकरी गट व उत्पादक कंपन्या पुढे येत आहेत. त्यांनी हा दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. डाळिंब हे उत्तम फळ आहे, एवढे सत्य त्याच्या विक्रीस पुरेसे आहे. तेलकट डाग आणि मर या रोगांशी झगडून पिकविलेल्या फळाची पत खोट्या दाव्याने जाऊ नये.

हळदीची कथाही बोधप्रद आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. रोजच्या भाजी-आमटीतील हळद निर्धोक आहे. मात्र तिच्यातील कुर्क्युमिन हे द्रव्य हळदीच्या वजनाच्या साधारण तीन टक्के असते आणि ते सहजी शोषले जात नाही. म्हणून गोळ्यांत त्याचा दाट अर्क भरतात आणि शोषण वाढविण्यासाठी मिऱ्यातील द्रव्यही मिसळतात. अशा गोळ्यांमुळे काही व्यक्तींच्या यकृतास सूज आल्याची प्रकरणे इटली, फ्रान्स आणि अमेरिका या देशांत अलीकडच्या वर्षांत नोंदली गेली आहेत. फोडणीतील चिमूटभर हळद आणि गोळीतील अर्क यांस एकच नाव दिल्याने ती एकच वस्तू ठरत नाही.

बेदाण्यातही पॉलिफिनॉल द्रव्ये आहेत. पण द्राक्षातील पाणी आटून साखर दाट झालेली असते. मुलांना मूठभर बेदाणा हा चांगला खाऊ होय. मधुमेही व्यक्तीने मात्र प्रमाण सांभाळले पाहिजे.

स्वस्त आणि जवळचे

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी १७ आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खाण्याची शिफारस आहे. ही गरज भागविण्यासाठी महागडी फळेच हवीत असे नाही. प्रौढ पुरुषास दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे मध्यम आकाराच्या एका पेरूत दिवसाची गरज भागून उरते. आवळा त्याहूनही सरस आहे. शेवगा कमी पाण्यावर तग धरतो आणि त्याचा पाला कॅरोटीन व क जीवनसत्त्व दोन्ही पुरवितो. माठ, मेथी, तांदुळजा, चाकवत, अंबाडी या भाज्या, मोड आलेली मटकी आणि हुलगा, ज्वारी-बाजरीची भाकरी हा खटाव-माण आणि आटपाडीकडचा जुनाच आहार आहे. त्याचे शास्त्रीय मोल आजही कमी झालेले नाही.

बनविण्याची रीतही महत्त्वाची आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात जाऊन नष्ट होते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, झाकून थोडक्या वेळात शिजवावी आणि लिंबू ताटात पिळावे. कॅरोटीन मात्र शिजविल्याने आणि थोड्या तेलाच्या सोबतीने अधिक शोषले जाते. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास भाकरी व पालेभाजीतील लोहही अंगी लागते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा आणतो. चहातील ज्या पॉलिफिनॉल द्रव्यांची प्रतिऑक्सिडीकारके म्हणून स्तुती होते, त्यांचाच हा परिणाम आहे.

पूरके केव्हा हवीत

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अत्यावश्यक आहे. बाजारातील पूरकांविषयी सावध राहावे, याचा अर्थ शासकीय आरोग्य कार्यक्रमातील मात्रा नाकाराव्यात असा मुळीच नाही. अ जीवनसत्त्वाच्या अभावी येणारे अंधत्व टाळण्यासाठी देशात १९७० पासून कार्यक्रम राबविला जात आहे. बालकास नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक याप्रमाणे नऊ मात्रा दिल्या जातात. रक्तक्षय दूर करण्यासाठी ५ ते ९ वर्षे वयाच्या मुलांना गुलाबी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी लोह व फॉलिक आम्लाची गोळी आठवड्यातून एकदा मिळते. गर्भवती मातांना लाल गोळी रोज दिली जाते. या मात्रा प्रत्यक्ष उणीव पाहून, मोजून ठरविलेल्या आहेत. ‘गोळ्या वाईट असतात’ असे ढोबळ विधान शिक्षकाच्या तोंडून निघाले आणि वर्गातील मुलींनी निळी गोळी टाकून दिली, तर या लेखाचा हेतूच विफल होईल.

त्याचप्रमाणे अन्नाचे शोषण नीट न होणारे रुग्ण, विशिष्ट नेत्रविकार असलेले वृद्ध आणि डॉक्टरांनी तपासणीअंती उणीव निश्चित केलेल्या व्यक्ती यांनी पूरके अवश्य घ्यावीत. कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्यांनी मात्र कोणतेही पूरक डॉक्टरांना सांगितल्यावाचून घेऊ नये. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव वाढू शकतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत मूतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असल्याचे स्वीडनमधील एका पाहणीत २०१३ साली आढळले होते. तंबाखू वा विडी-सिगारेट ओढणाऱ्याने बीटा-कॅरोटीनची गोळी घेणे तर सर्वथा टाळावे. त्याच्यासाठी व्यसन सोडणे हाच एकमेव खरा संरक्षक उपाय होय.

वेष्टनावरील मजकूर आणि कायदा

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आरोग्यपूरके ही औषधे नसून अन्नपदार्थ समजली जातात. त्यांच्या वेष्टनावर चौदा अंकी परवाना क्रमांक, घटकद्रव्यांचे प्रमाण आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी स्पष्ट सूचना असावी लागते. एखादा रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा अशा पूरकाबाबत करता येत नाही. मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनेक रोगांवरील उपायांच्या जाहिरातींना औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नेही प्रतिबंध केला आहे.

विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न मोजकेच आहेत. परवाना क्रमांक कोठे आहे? घटक किती मिलिग्रॅम आहेत? रोग बरा होतो असे छापील लिहून देता काय? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा मौनच पाळले जाते. संशय आल्यास वेष्टन आणि पावती जपून ठेवून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. सर्वांत मोठा धोका पैशांच्या अपव्ययाचाही नाही. पूरकावर भिस्त ठेवून रुग्ण मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू औषधे बंद करतो, हा आहे. असे कोणी करीत असल्याचे कळताच त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे हे शेजारधर्माचे काम आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत काय करू शकतात

शालेय पोषण आहार योजनेत प्राथमिक वर्गातील मुलासाठी रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गासाठी ७५ ग्रॅम भाजीचे प्रमाण ठरलेले आहे. ते प्रमाण प्रत्यक्ष ताटात पडते काय, याकडे शाळा व्यवस्थापन समितीने लक्ष द्यावे. शाळेच्या परसबागेत हात धुण्याचे पाणी वळवून पालेभाज्या, टोमॅटो आणि कडीपत्ता घेता येतो. ग्रामपंचायतीने वृक्षलागवडीसाठी रोपे निवडताना शोभेच्या झाडांबरोबर शेवगा, आवळा, पेरू आणि बोर यांना जागा दिल्यास काही वर्षांत गावाच्या आहारात भर पडेल. बागायतदारांनी आकाराने लहान वा सालीवर डाग असलेली, पण आतून निकोप डाळिंबे शाळेस व अंगणवाडीस दिली, तर जो माल बाजारात कमी भावात जातो त्याचे गावातच सोने होईल. ग्रामसभेत आरोग्य कर्मचाऱ्यांना बोलावून पूरकांविषयी अर्धा तास माहिती देण्याची व्यवस्था करणेही कठीण नाही.

गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांना यात एक सुंदर पाठ दडलेला आहे. एका पूरकाच्या डब्याची महिन्याची किंमत फळ्यावर मांडावी. तेवढ्या रकमेत गावच्या बाजारभावाने किती पेरू, किती जुड्या मेथी, किती लिंबे आणि किती किलो मटकी येईल, याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर प्रत्येक गावी निराळे येईल. पण तो हिशेब मुले घरी सांगतील आणि घरोघरच्या खरेदीवर त्याचा परिणाम होईल.

विज्ञानाने प्रतिऑक्सिडीकारकांचे महत्त्व नाकारलेले नाही. ती कोठून घ्यावीत एवढेच अनेक वर्षांच्या कसोटीनंतर निश्चित केले आहे. औंधच्या शाळांतून एके काळी मुलांना जे मिळाले, ते दुकानातून आणावे लागत नव्हते. भाजीचा वाफा, दारचा शेवगा, लिंबाची फोड आणि रोजचा व्यायाम यांनाही दुकानाची गरज नाही. डबी विकत घेण्यापूर्वी आपले ताट पुरते भरले आहे काय, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहिले तरी पुष्कळसा खर्च आणि काही दुखणी खात्रीने टळतील.